दार आतून उघडले होते

जबाब, दिनांक १२ जून २०२५

नाव बेबी अशोक गजभिये, वय ५४ वर्षे, धंदा स्वयंपाकाचे काम, राहणार रांझी, बुद्धविहाराच्या मागची गल्ली, जबलपूर.

समक्ष हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगी नेहा हिच्यासह राहते. माझे पती खमरियाच्या कारखान्यात ठेक्याने मजुरी करत होते, ते हयात नाहीत. मला ठाण्यात कोणी बोलावले नाही. मी स्वतः आले आहे. मला हिंदी येते, पण जे झाले ते नीट सांगायचे तर मराठीतच सांगता येईल, असे मी म्हटले. त्यावरून ठाण्यातील प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, हेमलता वानखेडे, ज्यांचे माहेर वर्ध्याचे आहे व ज्यांना मराठी लिहिता येते, त्यांनी हा जबाब लिहून घेतला.

बसस्टँडसमोरच्या ज्या इमारतीत काल दिनांक ११ रोजी प्रकार घडला, तिथे पूर्वी सरकारी भोजन केंद्र होते. मी तिथे सुरुवातीपासून स्वयंपाकाला होते. सकाळी अकरापासून जेवण सुरू व्हायचे. दाळ, भात, रोटी, एक भाजी. शहपुरा, मझौली या गावांकडून कामाला आलेले मजूर, बसस्टँडचे हमाल, रिक्षावाले, दवाखान्यात भरती असलेल्यांचे नातेवाईक आणि आजूबाजूची म्हातारी माणसे जेवायला येत. ताटाचे नाममात्र पैसे होते. ज्याच्याजवळ नसतील त्याला आम्ही परत पाठवत नव्हतो.

मार्च अखेरीला केंद्र बंद झाले. आम्हा बायांना सांगितले की योजनेला आता वरून निधी नाही, उद्यापासून येऊ नका. जेवणाऱ्यांना कोणी काही सांगितले नाही. त्यानंतर कित्येक दिवस लोक अकराच्या सुमारास येत, बंद दारासमोर थोडा वेळ बसत आणि उठून जात. हे मला माहीत आहे, कारण मीही जाऊन समोर बसत होते.

पुढे ती इमारत भाड्याने दिली असे ऐकले. कोणी दिली, कशी दिली, याबद्दल मला काही माहिती नाही. समोरची भिंत पाडून तिथे काच बसवली. वर गच्चीवर बसायची जागा केली. आता ते हॉटेल आहे. फिर्यादी हे त्या हॉटेलचे मालक आहेत. त्यांना मी काल पहिल्यांदा पाहिले.

केंद्र बंद झाल्यापासून मी आलोक चौकसे या केटरिंगवाल्याकडे बोलावतील तेव्हा जाते. परवा त्यांचा फोन आला की उद्या एका हॉटेलचे उद्‌घाटन आहे, दुपारची पार्टी आहे, तळणीला माणूस पाहिजे. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही व मी विचारले नाही. काल सकाळी टेम्पो बसस्टँडसमोर थांबला तेव्हा मला कळले. मी जागेवरच बसून राहिले. आलोकजी म्हणाले, "क्या हुआ दीदी, उतरो." मी उतरले. रोजी सोडून परत जाण्यासारखी माझी स्थिती नाही.

आतले सगळे बदलले आहे. आमची जिथे भट्टी होती तिथे आता हात धुवायची जागा आहे. स्वयंपाकघर मागे नेले आहे आणि त्याला लागून एक आवार आहे. त्या आवाराचे लोखंडी दार मागच्या गल्लीत उघडते. पार्टीसाठी पनीरच्या तीन तऱ्हा, पुलाव, कचोरी, दहीवडे, खोव्याची जलेबी आणि आणखी बरेच होते. माझ्याकडे कचोरी आणि जलेबी होती.

अकराच्या आसपास मी पाणी फेकायला आवारात गेले, तेव्हा दाराच्या गजांतून गुलाबराव बोरकर यांनी मला आवाज दिला. गुलाबराव हे बसस्टँडवर हमाली करत होते, आता वयामुळे होत नाही. त्यांचे मागे कोणी नाही. केंद्र चालू होते तोवर ते रोज जेवायला येत. ते म्हणाले, "बेबी, सुरू झालं का वो आपलं?"

मी म्हटले, "काय?"

ते म्हणाले, "जेवण. मी सकाळी तुले टेम्पोतून उतरताना पाह्यलं. म्हटलं, बेबी आली म्हणजे सुरूच झालं असन. समद्यायले सांगून आलो. लोकं रांगेत उभे होऊन राहिले ना तिकडं समोर."

मी त्यांना म्हटले, "नाही भाऊ. हे दुसरं आहे. पैसेवाल्यांचं आहे. लोकायले जायले सांगा."

गुलाबराव गज धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मी कसा सांगू? तू ये ना सांगायले."

मी गेले नाही. तेल तापले होते, मी आत गेले. याबद्दल मला कोणी विचारलेले नाही, पण हे लिहावे अशी माझी विनंती आहे. फिर्याद मला इथे वाचून दाखवली, त्यात लिहिले आहे की जमाव अगोदर ठरवून गोंधळ घालायला आला. तसे नाही. ते लोक मला पाहून आले होते. त्यांना वाटले, बंद झालेले परत सुरू झाले.

स्वयंपाकघरातून हॉलमधून पुढच्या काचेपर्यंत दिसते. काचेबाहेर लोक रांगेत उभे होते. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, केंद्रात लावायचे तशीच रांग. काहींनी घरून ताट आणले होते. कोणाच्या हातात काठी किंवा दगड मी पाहिला नाही. ऊन फार होते. काही जणांनी ताट डोक्यावर धरले होते. पाहुणे त्यांच्या शेजारून गाड्यांतून उतरत होते आणि आत येत होते. आत आल्यावर एक बाई म्हणाली, "यांनी गरिबांना पण बोलावलं का, छान." दुसरीने तिला गप्प केले.

दारावर अश्विन नावाचा सुरक्षारक्षक होता. तो लोकांना सांगत होता, "यहाँ कुछ नहीं है, चलो, आगे बढ़ो." लोक हलले नाहीत, कारण आतून तळणीचा वास येत होता आणि तो म्हणत होता इथे काही नाही. नंतर एक मोठी गाडी आली. तिला दारापर्यंत यायला जागा नव्हती. मालक बाहेर येऊन अश्विनवर ओरडले. त्याने रांग ढकलली. पुढे गुलाबराव होते. ते पायरीवर पडले व त्यांचे डोके फुटले. अश्विनने मुद्दाम पाडले असे मी म्हणणार नाही. तो स्वतः घाबरलेला दिसत होता.

गाडीतले पाहुणे उतरून आत गेले. वर गच्चीवरून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "मुफ़्त का बंद हुआ, मगर आदत नहीं गई." आणि वर दोघे-तिघे हसले. बोलणारा कोण ते मला दिसले नाही. खाली मात्र सगळ्यांनी ऐकले.

तोपर्यंत रांग शांत होती. त्यानंतर राहिली नाही. लोक ओरडू लागले. आमचे बंद करून हे उघडले का, निधी नव्हता तर ही काच कुठून आली, असे आवाज येत होते. ताटे वाजू लागली. एकता पटेल, राहणार मझौली, ही पुढे होऊन गच्चीकडे पाहून बोलली. तिचे शब्द मला आठवतात. ती म्हणाली, "भैया, मुफ़्त में हमने कभी नहीं खाया. जितना था, उतना देके खाया. आप नीचे आके बोलो." एवढेच बोलली. कोणाला मारा, तोडा, जाळा असे तिने म्हटलेले नाही. वरून कोणी खाली आले नाही.

एकता हिला मी हिवाळ्यापासून ओळखते. तिची आई जवळच्या दवाखान्यात मधूनमधून भरती असते, तेव्हा ती वऱ्हांड्यात झोपायची आणि केंद्रात जेवायची. तिच्या मागे कोणती संघटना, पार्टी नाही. काल ती आईसाठी औषध आणायला निघाली होती. रांग पाहून थांबली.

बोलून झाल्यावर एकताने गुलाबरावांना उठवले व मागच्या गल्लीने आवाराच्या दाराशी आणले. मी दार उघडून दोघांना आत घेतले व दार लोटले. गुलाबरावांना उलट्या घमेल्यावर बसवले. एकताने त्यांचे डोके धरले आणि मी जखम धुतली. त्याच वेळी पुढून काच फुटल्याचा मोठा आवाज आला. काच कोणी फोडली ते मी पाहिले नाही. पाहिले नाही म्हणून मी कोणाचे नाव सांगू शकत नाही. परंतु ती एकताने फोडली नाही एवढे मी सांगू शकते, कारण तिचे दोन्ही हात तेव्हा गुलाबरावांच्या डोक्याला होते आणि मी समोर बसले होते.

काच फुटल्यावर पाहुणे घाईने गच्चीवर गेले व जिन्याचे दार त्यांनी लावून घेतले. हॉलमध्ये कोणी बाहेरचा माणूस शिरला नाही. काचेचे तुकडे सगळीकडे होते आणि लोक बहुतेक अनवाणी किंवा चपलेवर होते. अश्विनच्या हाताला काच लागली होती. तो आवारात आला. त्याचाही हात मी धुतला व एकताने स्वतःच्या ओढणीची पट्टी फाडून बांधला. फिर्यादीत त्याला जमावाने मारले असे लिहिले आहे. मी त्याच्या अंगावर दुसरी कोणती जखम पाहिली नाही. त्यानेही तसे काही सांगितले नाही.

आलोकजी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "पिछला दरवाज़ा बंद करो, ताला मारो." कुलूप त्यांनी माझ्या हातात दिले. लोक तोपर्यंत पुढून मागच्या गल्लीत आले होते. कोणी दार ढकलत नव्हते. ते गजांना हात लावून उभे होते. पुढे एक बाई होती, केंद्रात ती कायम शेवटी यायची, कारण दोन घरची भांडी करून यायची. ती मला म्हणाली, "बेबीदीदी, हमको तो बोलना था, कि नहीं है."

मी कुलूप ओट्यावर ठेवले आणि दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या.

दार का उघडले, असे विचारल्यावरून सांगते की, मला दुसरे काही सुचले नाही. आत जेवण होते आणि बाहेर लोक होते. मला कोणी धमकी दिली नाही. कोणी मला ढकलले नाही. मी त्यांना म्हटले, गल्लीत सावली आहे, तिथे बसा, मी आणते. ते बसले. दोन्ही भिंतींना पाठ लावून पंगत बसली. मी पुलाव, पनीर, कचोरी आणि दाळ मोठ्या भांड्यांतून बाहेर नेली व वाढली. एकताने पाणी दिले. आलोकजी "दीदी, ये क्या कर रही हो" असे म्हणत राहिले, पण त्यांनी माझा हात धरला नाही. थोड्या वेळाने ते आत जाऊन खुर्चीवर बसले.

जेवताना आरडाओरडा नव्हता. गुलाबरावांनी मला जवळ बोलावून विचारले, "हे पनीर काय असते वो, दाताले लागते का?" मी म्हटले, नाही लागत. त्यांनी खाल्ले. अश्विन दारात उभा होता. तो म्हणाला, "मौसी, मुझे भी सुबह से किसी ने पूछा नहीं." मी त्याला पंगतीच्या टोकाला बसवले. ज्याला जमावाने मारले असे म्हणतात तो जमावाच्या शेजारी बसून जेवला, हे मी स्वतः वाढले आहे म्हणून सांगते.

जलेबी आणायला मी आत गेले तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. मी बाहेर आले तेव्हा लोक उठून पळत होते. ज्यांच्या हातात ताट होते त्यांना धरले. ज्यांचे जेवण होऊन ते हात धूत होते, त्यांना सोडले. एकताच्या हातात पाण्याचा जग होता. मालकांनी गच्चीवरून बोट दाखवून सांगितले, "वही है, लीडर." तिला धरले. गुलाबराव उठू शकले नाहीत म्हणून राहिले. मी पोलिसांना सांगायला गेले की मी वाढले आहे, तेव्हा मला म्हणाले, "अम्मा, बाजू हटो."

काल संध्याकाळी आलोकजींचा मला फोन आला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले की तुला विचारले तर लोकांनी दार तोडून जेवण लुटले असे सांग, नाही तर मालक मला एक पैसा देणार नाहीत आणि मी तुला पुन्हा कामाला बोलावू शकणार नाही. मी त्यांना म्हटले, दार तुटलेले नाही, कोणीही येऊन पाहील. ते म्हणाले, "देखने कौन आएगा, दीदी?" म्हणून मी आज आले. दाराला, कडीला, बिजागरीला काही झालेले नाही. कृपया कोणीतरी जाऊन पाहावे.

एकता हिची आई दवाखान्यात बायांच्या वार्डात आहे. तिला स्वतः उठता येत नाही. काल रात्रीपासून तिच्याजवळ माझी मुलगी नेहा बसून आहे. एकता कुठे आहे असे ती विचारते. नेहाने तिला सांगितले आहे की औषधाच्या दुकानात गर्दी आहे.

हेमलताजींनी मला समजावून सांगितले की, दुसऱ्याचे जेवण परवानगीशिवाय वाटल्याचे मी स्वतः सांगत आहे, त्यामुळे माझ्यावरही गुन्हा नोंद होऊ शकतो, तरी विचार करावा. मी विचार केला आहे. असे समजावल्यावर मी म्हटले, "लिहा ताई." त्यांनी पेन खाली ठेवला होता, तो पुन्हा उचलला.

माझे सांगणे एवढेच आहे. हे हेमलताजींनी मला सावकाश, मराठीत, पहिल्या ओळीपासून ऐकवले. त्यात एके ठिकाणी फिर्यादीप्रमाणे "जमावाने अन्न उचलले" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी "मी वाढले" असे लिहून घेतले आणि खोडल्याच्या बाजूला सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.

सही
बेबी अशोक गजभिये