खाड्याचा दिवस

— न्हाई न्हाई साहेब, असं अर्ध्यावरनं उठायचं न्हाई आमच्यात. ही एक भाकरी घ्या, आत्ता तव्यावरनं काढलीय. आमटी गार झाली आसंल तर दुसरी वाढते. तुमी कोंबड्यांचे डॉक्टर, किती खायचं ते तुमाला बरोबर कळत आसंल, पन ह्या खानावळीत ताट माझं नि मापबी माझं. दुपारच्याला कंपन्यांची पोरं जेवतात इथं, लातूरची, बीडची, कुनी कोकनातली — एकाला इचारा, केसरबाईनं कधी हात आखडता घेतला का. पोरंच म्हनतात, मावशी बास, शिफ्टला झोप येती. येऊ दे की. — चिकन? न्हाई वो, चिकन न्हाई ठेवत आमी. रविवारी पोरं मागतात, मी म्हनते चाकनात जावा, पायजे तेवढं मिळंल. का ठेवत न्हाई ते तुमाला काय सांगायचं.

तर आमच्या मालकांना, विलासरावांना, परत कामावर न्यायला आलाय. सरळ बोललात, बरं केलंत. नवं शेड खेडच्या पल्याड, राह्यला खोली, जेवान कंपनीचं, आनि कसलं ते नवं खाद्य — कोंड्याचं म्हनालात ना, पोट भरल्यागत वाटंल पन अंगाला लागायचं न्हाई. करा, करा. त्यावर तुमची परीक्षा चाललीय नि मानसं टिकत न्हाईत. पोरं आठ दिवसांत पळतात. पळतीलच. गाड्यांच्या कंपनीत जातात, तिथं मशीन काय भुकेनं ठोकत बसत न्हाई. ती पोरं कामाला भिऊन पळत न्हाईत साहेब, आवाजाला भिऊन पळतात. तुमी शेडात किती वेळ आस्ता? गाडीतनं उतरायचं, पांढरा कोट घालायचा, बघायचं, जायचं.

तुमच्या शेडावरनं पयल्या दिवशी हे घरी आले आनि भाकरीला हात लावंनात. काय झालं म्हनलं, तर म्हनाले आज खाडा व्हता. कसला खाडा? आमच्यात दुधाचा खाडा आस्तो, गडी आला न्हाई तर त्याचा खाडा. म्हनाले तसाच, पन पोटाचा — एक दिवस खाद्य, एक दिवस न्हाई. मला वाटलं कंपनी चिकट हाय. तर न्हाई, डॉक्टरसाहेबांनी समजावून सांगितलंय. ह्या आईबाप कोंबड्या. बाजारात जातात ती ह्यांची पिल्लं, ती म्हैन्या-दीड म्हैन्यात फुगावीत म्हनून निवडून निवडून अशी जात काढलीय की पोट भरलं हेच तिला कळत न्हाई. पिल्लाला कापायचंच आस्तं, त्याचं निभतं. आईबापाला जगवायचं आस्तं, अंडी घ्यायची आस्तात, आनि भूक तर त्यांच्या रक्तात तीच. पोटभर घातलं तर पाय जातात, काळीज बंद पडतं. म्हनून उपाशी. तुमचंच बोलनं ना हे — उपाशी ठेवतो त्यो वैरी न्हाई, जगवनारा हाय? ह्यांनी पाठ केलं व्हतं. पाठ केलं, पन पटलं न्हवतं तवा.

पटनार कसं. मी डबा घेऊन जायची ना, तर खाडा हाय का न्हाई ते लांबूनच कळायचं मला. रिकाम्या पत्र्याच्या पन्हाळीवर सगळ्या शेडाच्या चोची — टक टक टक टक — वरडत न्हाईत, भांडत न्हाईत, काल जिथं दाना व्हता तिथं नुसतं ठोकत बसायचं. आनि हे दारातनं आत शिरले की सगळ्या माना एकदम वळायच्या. एकदम. मी एकदाच बघितलं, पुन्यांदा आत पाय न्हाई टाकला. आता तुमाला हसू यील, पन दुपारी मी शटर वर करते, पोरं रांगंत आस्तात, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळतात — गरीब पोरं, भुकेजलेली, दुसरं काय आसंल त्यांच्या मनात — आनि मला शेडातल्या त्या माना दिसतात. म्हनून वाढते मी. दया म्हनून न्हाई वाढत, भ्या वाटतं म्हनून वाढते.

— त्या दिवाळीचं? तुमीच काढलंत ते बरं झालं. मी काढनार न्हवते. पाडवा व्हता नि गुरुवार व्हता, गुरुवारी आपल्याकडं लाईटचा काय भरवसा. सुपरवायझर सनाला गावी, जनरेटरवाला गावी, शेडावर हे एकटे. मी करंज्या नेल्या व्हत्या. हे दारात बसले, डबा उघडला, आत खाड्याचं टक टक चाललेलं. एक करंजी हातात घेतली, तशीच खाली ठेवली. म्हनाले, सनाला तरी. एवढंच, सनाला तरी. आनि उठून खाद्याची चेन चालू केली. दाना पन्हाळीतनं सरकत सरकत निम्म्या शेडापर्यंत पोचला आसंल आनि लाईट गेली. शेड चारी बाजूंनी बंद, दिवसाबी दिव्यावरच — दिवं गेलं, पंखं गेलं, चेन थांबली. दाना एका अंगाला आनि अख्खं शेड त्या अंगाला धावलं, अंधारात, एकीवर एक. हे मधी शिरून दोन्ही हातांनी उपसत व्हते — वरच्या बाजूला काढायच्या, तवर खालच्या गेलेल्या. मी दारात डब्याचं झाकन धरून उभी. हाका मारत व्हते की रडत व्हते, काय आठवत न्हाई.

सांजच्याला तुमी आलात. रागावला न्हाईत. कामावरनं काढलं न्हाई — काढलं आस्तं तर देवाची कृपा म्हनाले आस्ते मी. तुमी पन्हाळीपासची एक मेलेली कोंबडी उचलली, तिथंच फाडली, गळ्याची पिशवी ह्यांच्या हातावर ठेवली. दान्यानं तट्ट. म्हनालात, बघ विलास, पोट भरलं आनि मेली, तुझ्या मायेनं मारलं ह्यांना. साहेब, मी तिथंच व्हते. पन्हाळीपासची म्हंजे सगळ्यांत पुढं पोचलेली, तिला दाना मिळालाच व्हता की. मागं ज्या चेंगरल्या त्यांच्या पिशव्या रिकाम्या व्हत्या. त्यातली एक का न्हाई फाडली? त्या खाऊन न्हाई मेल्या, लाईट गेली म्हनून चेंगरून मेल्या. तुमाला ठावं व्हतं. मान हलवू नका, ठावं व्हतं तुमाला. मानसानं पुन्यांदा असं करू नये म्हनून तुमी सोयीची कोंबडी उचलली. आनि ह्यांनी खरं धरलं. त्यानंतर एक दाना कधी जास्त पडला का ह्यांच्या हातनं? सगळ्यांना सांगायचात तुमी, विलाससारखा मानूस न्हाई. खरंय. त्यो तुमीच घडवला.

मग ती जागा गोडाऊनला गेली, तुमचं शेड लांब गेलं, हे घरी बसले. मला वाटलं सुटलो. पन खाडा हितं आला ह्यांच्या मागनं. एक दिवस जेवतात, एक दिवस न्हाई. एकादशी न्हाई, सोमवार न्हाई — देवाचा उपास आस्ता तर देवाला सांगून सोडवला आस्ता. म्हनतात, जगायचंय ना मला. — व्हय, त्योच आवाज. मघापासनं तुमी कान देताय, मी म्हनलं मोरीतला नळ गळतोय म्हनून सांगावं. नळ न्हाई गळत. मागल्या खोलीत बसलेत ते, रिकामं ताट पुढ्यात, बोटाच्या टोकानं. त्यांना कळतबी न्हाई आपन वाजवतोय ते. आज खाडा हाय. खाड्याच्या दिवशी मी ताट काढून घेतलं तर जमिनीवर वाजवतात, म्हनून ऱ्हाऊ देते.

ते ऱ्हाऊ द्या. मोठा मानूस हाय, त्याच्या पोटाचं त्यानं बघावं, मी सोसलं आस्तं. आडलंय ते निराळं. — न्हाई, काय न्हाई. ताक घेता का? — बोलायचंच न्हवतं मला हे. निरंजन, माझा ल्योक, तुमी लहानपनी बघितलाय त्याला शेडावर. त्याची बायको मैत्री, थेरगावची, तीबी कंपनीत जाते. त्यांना पोरगी झाली, आरोही. बाळसेदार, हाडानं मोठी, सगळी म्हनायची आज्यावर गेलीय. मैत्रीची रजा सपली, तवा ती दूध काढून बाटल्या भरून ठेवायची नि पोर आमच्यापाशी सोडून जायची. मी खानावळीत, पोर ह्यांच्या मांडीवर. काय जीव लावला व्हता, साहेब. इतक्या वर्सांनी हसायला लागले व्हते. रोज आंगूळ झाली की टोपलीत दुपटं घालून पोर माझ्या खानावळीच्या काट्यावर ठेवायचे, वजन बघायचे. मला कवतिक. मी गिऱ्हाइकांना सांगायची, आज्जा बघा कसा नातीचं वजन करतोय.

दवाखान्यातली डॉक्टरीन म्हनत व्हती, दूध पिते म्हनता, मग वजन का वाढंना. मैत्रीला वाटायचं आपलंच दूध पातळ. मेथीचे लाडू काय, हळीव काय, सगळं केलं मी तिला. एक दिवस अंगात कनकन व्हती म्हनून ती दुपारीच घरी आली. बाटल्या भरल्या तशा. पोर मांडीवर, रडून रडून घसा बसलेला, तोंडानं नुसतं हवेत चोखतंय. आनि हे तिला थोपटतायत, ह्यांच्या डोळ्यांतनं पानी चाललंय. सुनेला म्हनाले, बाळा, आज तिचा खाडा हाय. मोठ्या हाडाची हाय, आत्ताच भरली तर पुढं काळीज पेलायचं न्हाई. उद्या देऊ की.

मी भिंतीच्या ह्या अंगाला भाकऱ्या थापत व्हते. हीच भिंत. पोर रडायचं ते ऐकू यायचं, मग गप व्हायचं, मला वाटायचं निजलं. किती शांत पोर हाय म्हनायची मी. — एक दिवसाआड शांत असायचं, साहेब. एक दिवसाआड.

आता पोर थेरगावला हाय, आजोळी. बरी हाय, अंग धरलंय तिनं. निरंजनबी तिकडंच. मैत्री चांगली पोरगी, कधी उलटून बोलली न्हाई, तवाबी न्हाई बोलली. फक्त म्हनली, आत्या, ते ज्या घरात हाईत त्या घरात माझी लेक येनार न्हाई. काय चुकलं तिचं? मी फोनवर बघते पोरीला. आता ती बसायला लागलीय म्हनं. ह्या जिमिनीवर बसायला पायजे व्हती ती.

म्हनून तुमाला बसवलंय मी, जेवायला न्हवं. एकच काम करा. मागल्या खोलीत जावा, त्यांच्यासमोर बसा, आनि सांगा — विलास, त्या दिवाळीला मी तुला खोटं दाखवलं, दान्यानं न्हाई मेल्या त्या, लाईटनं मेल्या. बास. मी सांगून सांगून थकले, मला म्हनतात, तुला काय कळतं, साहेबांनी फाडून दाखवलंय. तुमी फाडून दाखवलंय, तुमीच सांगा. तुमाला दोन वाक्यं, मला माझी नात. — कोंबड्यांचं ते खरंच हाय म्हनता? त्या तशा जगल्या आस्त्या तरी खाऊन मेल्याच आस्त्या पुढं? आस्त्या आसतील. मी कोंबड्यांचं न्हाई इचारत. — हे ऐकल्यावर परत कामाला मन लागायचं न्हाई त्यांचं, आसंच ना? एवढं खरं बोललात हे बरं केलंत. म्हंजे खाड्याच्या दिवशी ज्याचा हात हलत न्हाई असा मानूस पायजे तुमाला, आनि त्यो हितं तयार बसलाय.

सांगनार न्हाई तुमी.

बरं. ऱ्हायलं.

मग न्या त्यांना. — व्हय, न्या म्हनतेय. सकाळी तुमचा फोन आला तवा मी तोंडानं न्हाई म्हनलं, पन मनात खोलीचं इचारायचं चाललंच व्हतं. खोलीला खिडकी हाय ना? अंथरून हाय? ब्लड प्रेशरची गोळी सकाळची आस्ती, ती इसरतात. आज वाटंत काय देऊ नका, घ्यायचे न्हाईत. उद्या द्या — आनि एकट्याला बसवून द्या, गर्दीत नको. — आवाज थांबलाय बघा. मागल्या दारानं गेले आसतील. तुमची गाडी वळखली त्यांनी. बसलेबी आसतील आत, पायात शेडाचे बूट घालून, ते अजून जपलेत त्यांनी.

मी भाईर येत न्हाई. आले तर सोडवनार न्हाई माझ्याच्यानं. हात धुवा, ताट तिथंच ऱ्हाऊ द्या, पैसे नकोत. जावा. गाडी फाट्यावरनं वळली की मला थेरगावला फोन लावायचाय.