नळीतलं पिवळं

रोशनी : एवढे हंडे कुठे निघाले, आजी? साऱ्या बायका ओहोळाकडच्या वाटेला लागल्यात.

बायजी : विहिरीवर. उद्या धनेशचं लग्न. चारशे माणूस जेवायला. नातवाच्या लग्नात पाहुण्यांना कोरड्या घशानं पाठवू का?

रोशनी : आणि तुमच्या दारातला हा नळ?

बायजी : आहे की. भांडी घासायला, गुरांना, मांडवात सडा घालायला. तोंडाला नाही लावत आम्ही.

रोशनी : कधीपासून?

बायजी : आला तेव्हापासून.

रोशनी : आजी, ग्रामपंचायतीनं मला जलसुरक्षक केलं त्याला वर्ष झालं. रोज सकाळी सातला मी इथं येते. पाड्यातला शेवटचा नळ म्हणून तुमच्याच नळाचं पाणी तपासते. तुम्ही बसायला पाट देता, चहा पाजता...

बायजी : चहा विहिरीच्या पाण्याचा गो. पाहुणी तू. तुला नळाचा कसा देईन?

रोशनी : आणि वर्षभरात मला एका शब्दानं नाही सांगितलंत!

बायजी : तुला वाईट वाटलं असतं. मन लावून करतेस एवढं. आणि सांगायचं काय? पाण्यात खोट आहे, हे तूच तर रोज दाखवतेस.

रोशनी : मी दाखवते?

बायजी : त्या काचेच्या नळीत पाणी घेतेस, औषधाचे थेंब टाकतेस, आणि पाणी पिवळं पडतं. माझे मधले दीर काविळीनं गेले, त्यांचे डोळे शेवटी असेच झाले होते. सगळा पाडा बघतो, रोज पिवळं. तू वहीत लिहितेस, हसतेस, जातेस. आम्ही म्हणायचो, पोरगी चांगली आहे, सरकारला रोज कळवते. सरकारच ऐकत नाही.

रोशनी : अरे देवा. उलटं आहे ते, आजी! वर टाकीत जंतू मारायची पावडर टाकतात. ती या शेवटच्या घरापर्यंत पोचली, तरच नळीतलं पाणी पिवळं होतं. पिवळं म्हणजे निर्धोक. रंग चढलाच नाही, तर काळजी.

बायजी : मग हे वर्षापूर्वी का नाही बोललीस?

रोशनी : मला वाटलं, उघड्यावर करते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करते, म्हणजे कळत असेलच. दाखवलं की सांगून झालं, असं धरून चालले मी.

बायजी : शिकलेल्या माणसांचं हे असं. दिवा लावतात आणि म्हणतात, वाच आता. अक्षर कोण शिकवणार? म्हणजे रोज सकाळी तू माझ्या नळाला हळद लावत होतीस म्हण की!

रोशनी : हसू नका. मला रडू येतंय.

बायजी : रड मग. लग्नघर आहे, कुणी विचारायचं नाही.

रोशनी : आजी, एक ऐका. वऱ्हाडाला विहिरीचं पाणी देऊ नका. उन्हाळ्यानं तिचा तळ उघडा पडलाय. तालुक्याच्या प्रयोगशाळेचा कागद माझ्या पिशवीत आहे, पिण्यास अयोग्य म्हणून. उद्या चारशे माणसं, त्यात लेकरं. लग्नाचा आनंद घेऊन गेलेली माणसं घरोघरी हगवणीनं आडवी झाली, तर धनेशच्या लग्नाची आठवण कशी राहील?

बायजी : माझी पाच बाळंतपणं त्या विहिरीच्या पाण्यावर झाली. तुझा नळ कालचा. आणि कागद मला वाचता येत नाही. काढ नळी. माझ्यासमोर पिवळं झालं, तर बायकांना परत बोलावते.

रोशनी : नळी तुम्हीच धरा. हे थेंब. आता हळूच हलवा.

बायजी : हलवलं.

रोशनी : थांबा जरा.

बायजी : थांबले... जसं होतं तसंच आहे गो. उजेडाकडे धरू?

रोशनी : पुन्हा एकदा घेऊ. नवं पाणी, नवे थेंब... नाही. उजेडाचा दोष नाही, आजी. आज पाण्यात पावडरच नाही. आज हे पिऊ नका.

मिथुन : मावशी! मांडव एक नंबर झालाय! आणि आजचं पाणी कसं वाटलं?

बायजी : हा बघ, माझा भाचा. पंप, टाकी, सगळं याच्याच हातात.

रोशनी : मिथुन, टाकीत पावडर टाकलीस?

मिथुन : नाय टाकली. मुद्दाम. सरप्राइज होतं मावशीला. नरपडचे, बोर्डीचे, बाहेरचे पाहुणे येणार. चहाला वास मारला तर इज्जत जाईल ना आपली. म्हटलं, दोन दिवस एकदम प्युअर पाणी सोडू.

बायजी : माझ्यासाठी केलंस हे?

मिथुन : मग कोणासाठी?

बायजी : मी हे पाणी पीतच नाही रे.

मिथुन : काय? रोज पहाटे पाचला त्या टाकीवर चढतो मी, मावशी! ढोपरं गेली माझी!

बायजी : गुरं पितात ना. त्यांचा आशीर्वाद लागेल.

मिथुन : रोशनीताई, तू वहीत काय लिहितेस? ए, थांब ना. पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणार. चांगल्या पाण्याचं म्हणून पंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड जाईल, ताकीद म्हणून पिवळं हातात देतील.

बायजी : पिवळं तर चांगलं ना?

रोशनी : नळीतलं चांगलं, आजी. कार्डाचं वाईट.

बायजी : सरकारला रंग कमी पडले का गो?

मिथुन : तू आज पण 'आहे' लिहून टाक ना. मी आत्ता पळत जाऊन पावडर टाकतो, तासाभरात खरंच होईल ते.

रोशनी : सातला नव्हती. सातचं मी सातचंच लिहिणार.

बायजी : वाच मला.

रोशनी : 'शेवटचा नळ, बायजींचं घर. सकाळी सात. क्लोरीन नाही. पाणी पिऊ नये असं घरी सांगितलं. पंपचालकास कळवलं.'

मिथुन : नाव नाय ना टाकलं माझं?

रोशनी : गावात पंपचालक एकच आहे, मिथुन.

बायजी : आणि एरवी काय लिहायचीस?

रोशनी : रोज 'आहे'. आज पहिल्यांदा 'नाही'.

बायजी : माझी नजर अधू झालीय, हे तुला ठाऊक आहे. आलं बघा पिवळं, असं म्हणाली असतीस, तर मी मान डोलावली असती. बायका परत आल्या असत्या. तुझं काम झालं असतं.

रोशनी : झालं असतं.

बायजी : पण तू तसं म्हणाली नाहीस. म्हणून वर्षभराचे ते सगळे 'आहे' आज खरे वाटायला लागले मला... मिथुन, खांबासारखा उभा काय राहिलास? पळ टाकीवर. नळ बंद कर, पावडर टाक.

मिथुन : वास येईल, मावशी. मग बोलू नकोस.

बायजी : येऊ दे. पाहुणे धाकट्या डहाणूचे बोंबील खाणार, वर ताडी पिणार. त्यात तुझी पावडर कुणाला सापडणार आहे?

रोशनी : मोजून टाक. मुरायला अर्धा तास दे. मग पाइपातलं जुनं पाणी आधी वाहून जाऊ दे.

बायजी : तोवर तू चहा पी.

रोशनी : विहिरीचा?

बायजी : उकळलेला गो. वर्षभर पितेस, मेलीस का?

(तासाभरानंतर. नळ पुन्हा सुरू झाला आहे.)

बायजी : थेंब मी टाकणार. एवढे बस?

रोशनी : बस. आता हलवा.

बायजी : आलं... आलं गो! जमना, तो विहिरीचा हंडा ठेव, इकडे ये, बघ! फिकट आहे, पण आलं!

रोशनी : फिकटच हवं. गडद झालं, तर मिथुनचा हात सैल सुटला समजायचं.

मिथुन : मोजून टाकली, शपथ.

बायजी : जमना, सगळ्यांना हाक मार. प्यायचे हंडे नळाखाली लावा. नाही गो, विहिरीचं ओतून नको देऊस, सड्याला राहू दे. आणि नवरदेव, तू कशाला आलास उन्हात? आलासच तर बघून घे. उद्या नातसुनेला तूच समजावायचं आहेस.

मिथुन : पहिला पेला कोणाचा? माझा हक्क आहे.

बायजी : माझा. चारशे माणसाला पाजायच्या आधी घरच्या म्हातारीनं प्यावं.

मिथुन : कसं आहे?

बायजी : पाणी आहे रे. पाण्यासारखं.

रोशनी : मी निघते, आजी. वरच्या आळीतही आज घरोघरी सांगायचंय, पिवळं म्हणजे काय ते. वर्षाचं बोलणं राहून गेलंय.

बायजी : उद्या येशील ना?

रोशनी : लग्नाला नाही यायचं, असं होईल का?

बायजी : लग्नाला तर येशीलच. सातला येशील का, ते विचारते.

रोशनी : उद्या एवढी गर्दी, तुमची धांदल...

बायजी : मांडवात पाय ठेवायला जागा नसेल. नळाशी तेवढी राखून ठेवते.