बाजा दमत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि माझ्या नातवाचे उस्ताद सुभेदार आप्पासाहेब, बारामतीहून एवढ्या उन्हाचे आलेले डॉक्टरसाहेब, गावचे पाटील आबासाहेब, सतरंजीवर बसलेली कळसची थोर मंडळी, आणि मारुतीच्या पायरीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबायांनो, तुम्हां सर्वांना ठमाबाईचा नमस्कार.

मला बोलायला उभं केलंत, हे तुमचं धाडसच. माझी शाळा धुळाक्षरांपाशीच संपली. पण आज आनंद पोटात मावत नाही. माझा जोतीराम उद्या इंदापुरातून मोटारीनं पुण्याला जाणार. परवा पलटणीचा डॉक्टर त्याची छाती तपासणार. पास झाला, तर पलटणीच्या बँडात मशक वाजवणार. शकुबाई, हसू नकोस. सकाळपासून दिसेल त्याच्या हातावर मी साखर ठेवत सुटलेय, हे खरं आहे. पण माझी जाऊही अशीच साखर वाटायची, तिचा थोरला... जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.

मशक म्हणजे काय, हे सुभेदार पेन्शनीवर गावी येईपर्यंत आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं? काखेत कातडी पिशवी, तोंडात एक नळी, बोटांखाली दुसरी, आणि खांद्यावर तीन नळ्या नुसत्या घुमायला. तोंडानं वारा भरायचा, काखेनं दाबायचा. जोतीराम शिकायला लागला तेव्हा त्याचे गाल बघवत नसत. मानेच्या शिरा दोरासारख्या, डोळे लालभडक. ही शकुबाई मला म्हणाली, "ठमाक्का, पोराची बुबुळं गळून पडायची एक दिस. खाली परात धर!" शेजारची भीमा म्हणाली, "परातीचं ऱ्हाऊ दे, अंतर्गळ उतरंल त्येचा." मी हसले. पण त्या दिवसापासून तो वाजवायला लागला की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघत बसायची.

का, ते सांगते. आपला सनईवाला दमला तर सनई आपोआप सांगते. सूर थरथरतो, तुटतो. मशकीचं तसं नाही. माणसाचा श्वास संपला तरी पिशवीतला वारा वाजतच राहतो. बाजा दमत नाही, मंडळी. आतला माणूस दमला हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं?

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आटोपतेच. पण काकवीची गोष्ट सांगितल्याशिवाय या डॉक्टरांचे आभार कसे मानू?

कातडं मऊ राहावं म्हणून पिशवीत चोपडायला सुभेदारांपाशी पलटणीतल्या मलमाचा डबा होता. तो संपला. पिशवीतून वारा गळायला लागला. गुऱ्हाळाचे दिवस होते. जोतीरामानं काय करावं? ताजी काकवी आत ओतली आणि पिशवी चोळचोळ चोळली. वारा गळायचा थांबला! सगळ्यांनी पाठ थोपटली. सुभेदार, तुम्हीसुद्धा म्हणालात, "साहेबाच्या डब्यापरीस आपली काकवी भारी हाय."

पुढं पावसाळा आला. दुपारी वाजवलं की संध्याकाळी त्याला हुडहुडी भरायची, कोरडा खोकला, छातीत दम मावेना. दोन दिवस वाजवलं नाही की पोरगं ठणठणीत. गावात कुजबुज सुरू झाली. कुठला रोग ते कुणी तोंडावर बोललं नाही. पण चावडीवर त्याला पाणी प्यायला वेगळा पेला यायला लागला. मी तो पेला ओळखत होते; जावेच्या थोरल्याला दम लागायला लागला, तेव्हाही असाच पेला निघाला होता. आज कुणाचं नाव घेत नाही, कुणी मान खाली घालू नका.

आणि जळोची गावच्या वरातीत ते झालं. जोतीराम पुढं वाजवत होता, पोरं नाचत होती. तो वाजवता वाजवता गुडघ्यावर आला आणि पिशवीवर पालथा पडला. त्याच्या वजनानं बाजा आणखी जोरात ओरडायला लागला. पोरांना वाटलं, गडी रंगात आलाय! ती शिट्ट्या वाजवत त्याच्याभोवती नाचतच राहिली. मी ओरडतेय, "आरं, वाजीव न्हाय त्यो, पडलाय!" ते ऐकणार कोण? पिशवी रिकामी होऊन आवाज बंद पडला, तेव्हा कुठं नाच थांबला. तेवढा वेळ मी कसा काढला, ते मलाच ठाऊक.

या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, "न वाजवता खोकला येतो का?" मग म्हणाले, "ती पिशवी उघडून बघा." सुभेदारांनी सुरी घातली. आतून हिरवीकाळी बुरशी, विसरलेल्या लोणच्यावर यावी तशी, पिशवीभर! आणि माझं पोरगं तो वारा छातीत घेत होतं. पिशवी जाळली, नवी आणली, आता ती रोज उन्हात वाळवतो. खोकला गेला. डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

खोकला गेला, पण काल पाटाच्या भरावावर चढताना तो मध्येच थांबला. म्हणाला, "आजे, वहाणेचा अंगठा तुटलाय." मी पाहिलं. अंगठा धड होता.

अगं बाई, हे बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. जोतीराम, डोळे वटारू नकोस. काय म्हणता सुभेदार? दम लागला तर मशक खाली ठेवायची, हे त्याला शिकवलंय? शिकवलंत, मान्य. पण पलटण चालत असताना, हुकूम झाला असताना, ठेवता येते का? तुम्ही कधी ठेवलीत?

...बरं. पुन्हा घड्याळ पाहिलंत, त्यातच समजलं.

जोतीराम, इकडं बघ. परवा तो पलटणीचा डॉक्टर विचारेल ते खरं सांग. वहाणेचं सांगू नकोस. मी अडवत नाही तुला, तुझं कौतुक मला कुणाहूनही जास्त आहे. पास झालास तर हीच साखर पुन्हा वाटीन. आणि आबासाहेब, तुम्हां सगळ्यांना हात जोडून एक मागणं. त्या डॉक्टरानं परत पाठवलं, तर मोटारीतून उतरताना या पोराला आजच्यासारखेच सामोरे या. वेगळा पेला पुन्हा काढू नका.

एवढं शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. म्हातारीच्या बोलण्यात काही कमी पडलं असेल तर पदरात घ्या. आणि परवा माझ्या नातवाचा दम कमी पडला, तर तोही पदरात घ्या.