घड्याळजीच्या चौदा ओळी

मी खाली सही करणारी, वय छप्पन्न वर्षे, काम एका साप्ताहिकात प्रूफं तपासण्याचं, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, डावीकडचं दार. आज मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मी आपणहून पोलीस ठाण्यात आले आणि विचारल्यावरून सांगते की,

सदर साप्ताहिकात मी एकतीस वर्षं नोकरी करते. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानावर शेवटची सही माझी असते. त्या सहीनंतर पान कोणी वाचत नाही, जुळणीवाले माझ्या दुरुस्त्या घालतात की ते थेट मशीनवर चढतं. लेखकाच्या मजकुरात स्वतःचा शब्द घालायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. एकतीस वर्षं मी तो पाळला.

आमच्याकडे साडेतीन वर्षांपासून एक कादंबरी क्रमशः छापून येते. तिचे लेखक म्हणजेच या प्रकरणातले तक्रारदार. कादंबरीत घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. त्याला सगळे घड्याळजी म्हणतात. तो गिऱ्हाइकाशी धड बोलत नाही, पण कुणाचं बंद घड्याळ सुरू झालं की दुकानाच्या मागे जाऊन डोळे पुसून येतो. वाचकांनी त्याला घरातलाच मानला होता. एकसष्टाव्या भागात त्याला खोकला झाला, तर कार्यालयात अकरा मफलर आले. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस. पुढच्या भागात लेखकांनी तो खोकला काढून टाकला, सुंठीवाचून. एक मफलर आमचे शिपाई अजून वापरतात.

माझ्या घरी मी आणि आई. आईचं वय त्र्याऐंशी. पाच वर्षांपासून तिला दिसत नव्हतं. मी मंगळवारी प्रूफं घरी नेते आणि मोठ्याने वाचून तपासते, कारण मोठ्याने वाचलं की चूक कानाला लागते. आई पलंगावरून ऐकायची. घड्याळजीचं काय झालं ते सगळ्यांआधी आपल्याला कळतं, याचा तिला फार तोरा होता. शुक्रवारी अंक आला की तोच भाग ती शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडून पुन्हा वाचून घ्यायची. मी कंटाळून ओळी गाळते असा तिचा संशय होता. तो खोटा नव्हता.

गेल्या महिन्यात आईने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, घरीच ठेवा. कादंबरीत त्याच सुमारास घड्याळजीला दवाखान्यात नेलं. आई मला म्हणाली, "त्याला घरी येऊ दे, मग माझं मी बघते." ती सहज बोलली असेल. माझ्या मनात मात्र ते घर करून बसलं.

मागच्या मंगळवारी दुपारी चार वाजता एकशे अठ्ठ्याहत्तरावा भाग माझ्या टेबलावर आला. शेवटच्या चौदा ओळींत घड्याळजी मरतो. मुलगा शेजारी बसलेला असतो. ज्याने जन्मभर कुणाला वेळ विचारली नाही, तो मुलाला विचारतो, किती वाजले. मुलगा सांगतो. "बरोबर आहे," म्हणून म्हातारा डोळे मिटतो.

आईला वाचून दाखवताना मला या ओळी गाळता आल्या असत्या. पण शुक्रवारी शेजारच्या बाई वाचणार होत्या. त्या एक काना सोडायच्या नाहीत, आणि त्यांना खोटं वाचा म्हणून सांगायची मला लाज वाटली. एका बाईला खोटं बोलायला लावण्यापेक्षा एकतीस हजार प्रती मला सोप्या वाटल्या. माणूस दमला की त्याचं डोकं असं चालतं.

पाच वाजता मी त्या चौदा ओळींवर काट मारली आणि समासात चार ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी घड्याळजीला घरी सोडलं, त्याने दुकान उघडलं, आलेल्या गिऱ्हाइकाला हसून "बसा" म्हटलं. खाली माझी सही केली. जुळणी करणाऱ्यांना वाटलं, बदल लेखकांनी फोनवर कळवला असेल. त्यांचा यात दोष नाही. त्या दिवशी मी प्रूफं घरी नेली नाहीत. काम कार्यालयातच उरकलं, असं आईला सांगितलं. ती बरं म्हणाली.

शुक्रवारी अंक निघाला. दुपारपर्यंत फोन थांबेनात. एक बाई फुलं घेऊन आल्या. तीन वाजता लेखक आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्यासमोर अंक ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हणाले.

"आमचे वडील गेले तेव्हा मी जवळ नव्हतो," ते म्हणाले. "या चौदा ओळींत तरी असणार होतो. साडेतीन वर्षं त्यासाठीच लिहीत होतो."

ते तिथून निघाले आणि त्यांनी इथे तक्रार दिली.

त्याच संध्याकाळी सहा वाजता शेजारच्या बाईंनी आईला तो भाग वाचून दाखवला. बाई गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली.

"काय माझं?"

"घड्याळजी गिऱ्हाइकाला बसा म्हणतो होय? इतक्या वर्षांत म्हणाला का कधी? खरं काय आहे ते वाच."

लेखकांच्या हातचं मूळ पान माझ्या पिशवीत होतं. ते फाडायचा मला धीर झाला नव्हता. मी वाचलं. दोनदा थांबले, तेव्हा आई "पुढे" म्हणाली. संपल्यावर ती म्हणाली, "सुटला. दमला होता गं तो. तू त्याला उगीच पुन्हा दुकानात बसवलंस." मग पाणी मागितलं.

रविवारी सकाळी पावणेआठ वाजता आई गेली. मी शेजारी बसले होते. तिने वेळ विचारली नाही, पण मी सांगितली.

हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. कारण विचारलं म्हणून सांगितलं. लेखकांचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं, हे मला मान्य आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मध्येच विचारलं, की मग घड्याळजी गेला म्हणायचं का, घरी बायको विचारते आहे. गेला, असं मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

मूळ पान मी सोबत आणलं आहे, ते जमा करून घ्यावं. त्या चौदा ओळी आहेत तशाच पुढच्या अंकात छापाव्यात आणि त्या पानाची प्रूफं दुसऱ्या कुणीतरी तपासावीत, एवढीच माझी विनंती आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. नंतर कागद आणि पेन माझ्या हातात दिलं. सहीखेरीज मी त्यात काही लिहिलेलं नाही.