चालला कसा?

…चालला कसा म्हणजे काय, चालवला म्हणून चालला! तुम्हाला सांगते, मी पिशोरची प्रेरणा, इथं संभाजीनगरात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला. लॅबमध्ये साधा प्रोग्राम दिला होता, चार-पाच आकडे टाकायचे, त्यातला मोठा कोणता ते मशीननं सांगायचं. माझा चालला, पहिल्याच झटक्यात. तर आमचे सर वाकून बघायलेत, मशीनकडं नाय, माझ्याकडं. "चालला कसा?" बाजूला महेजबीन, तिचाबी चालला, तर तिला म्हणे, "भाऊ इंजिनिअर आहे का गं तुझा?" तिला भाऊच नाय.

आणि पुढं बसलेला सोमनाथ… जाड भिंगाचा चष्मा, भर एप्रिलात शहागंजच्या बाजारातून आणलेली काळी हुडी, घामानं निथळतोय पण काढत नाय. गप बसतो म्हणून सगळ्यांना वाटतं लई डोकं हाय. अहो, काय येत असंल तर बोलंल ना! माझाच प्रोग्राम पेनड्राइव्हवर नेला त्यानं, "प्रेरणा, जरा बघू दे ना," करून. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास, हे रक्तातच असावं लागतं." त्याला विचारलं का कुणी, चालला कसा?

मला मात्र दम. "परीक्षेत कॉपी सापडली तर शून्य." आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आधीच बजावलेलं, नापास झालीस की बोचकं बांधायचं अन् गावाकडं यायचं. मग काय करता? परीक्षेला आधी बरोबर प्रोग्राम लिहिला, मग बसून त्यात चूक घातली. चूक घालणं लई अवघड असतंय बरं का, खरी वाटायला पाहिजे ना… सर आले, आकडे टाकले, मशीननं मोठा म्हणून सगळ्यात बारका दाखवला, आणि सरांचा चेहरा असा खुलला, "हां, आता वाटतंय स्वतः केलंस. पोरींनी एवढं केलं तरी पुष्कळ." झाले की मी पास.

काल रूमवर एकटीच होते. ना सर, ना सोमनाथ. नवा प्रोग्राम लिहिला, बटण दाबलं, धडाधड चालला. आणि खूश व्हायचं सोडून मी मागं वळून बघायले, कुणाचा उचलला गं आपण? माझ्याच तोंडून निघालं, चालला कसा?

मग काय, घातली एक चूक. बंद पडला. तेव्हा कुठं जीवात जीव आला.