सरस्वतीबाईंचे पाय

चामराजपुरमच्या जिममध्ये शरीरातली चरबी आणि स्नायू मोजणाऱ्या यंत्रापुढे रांग होती. मधूची ही तिसरी खेप. मागच्या दोन्ही रिपोर्टांत त्याच्या पायांपुढे ‘कमी’ असं छापून आलं होतं. त्याच्या पुढच्या सरस्वतीबाई, लष्कर मोहल्ल्यात कपडे शिवणाऱ्या, यंत्रावरून उतरल्या आणि कागद लेकाच्या हातात दिला.

“वाच रे गगन.”

“वय एकसष्ट. चरबी थोडी जास्त आहे, आई.”

“ते असू दे. पाय सांग.”

“पायांचे मसल्स… उत्तम.”

“हौदा, खरंच? कुठला पाय?”

“दोन्ही. ट्रेनर विचारतोय, आधी कुठल्या जिमला जात होतात?”

“सांग त्याला, चाळीस वर्षं पायमशीन मारते. आणि तू म्हणतोस पाय थकले, मशीनला मोटर बसवू!”

“अय्यो, तुझ्या काळजीनंच आणली ना.”

“काय ठरलं होतं आपलं? पाय कमी निघाले तर मोटर.”

“हो.”

“निघाले?”

“नाही.”

“मग मोटर बेडा, नकोच. उद्या दुकानात परत देऊन ये. आणि हा कागद मशीनच्या वर, भिंतीला लाव.”

“सरी, आई. लावतो.”

ट्रेनरनं मधूचा नंबर पुकारला. मधू सरस्वतीबाईंच्या मागे दाराकडे वळला होता.

“काकू, एक मिनिट! शिवणक्लास घेता का हो?”