पाठीवरचा ड्रॅगन पुसताना

रबर बँड! ऐकलंत का, ती डॉक्टरीण मला म्हणते, ‘काका, काही नाही हो, कातडीवर रबर बँड फटकन बसल्यासारखं वाटेल.’ अहो, कसला रबर बँड? उकळत्या तेलात बुडवून, पेटवून मग मारलेला रबर बँड! तुम्हाला सांगतो, या बुसान बंदरात मी तीस वर्षं मारामाऱ्या केल्या, मासे कापायच्या सुरीचे पाठीत आठ वार खाल्ले, एकदा तर पोट हातानं दाबून धरून टॅक्सी थांबवली आणि वर ‘सीट खराब होईल’ म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्याचे दोन दात पाडले... पण ओरडलो नाही! आणि त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत, पालथा पडून, डोळ्यांवर गॉगल लावून मी आईच्या नावानं बोंब ठोकली. सुरी परवडली! सुरी एकदा आत जाते, एकदा बाहेर येते, विषय संपला. हे आपलं टक टक टक टक... संपेल तर शपथ!

हौस म्हणून नाही गेलो हो. माझी युनसोल, एकुलती एक, बिनआईची पोर, शाळेत शिक्षिका झाली, लग्न ठरवून बसली. सासरी सांगितलं, बाबा बंदरावर बर्फाचा धंदा करायचे. बरं, केला बर्फाचा. पण व्याही कोण? तर नामसाहेब, बूट शिवायचं दुकान, माणूस देवासारखा, आणि दर रविवारी सार्वजनिक न्हाणीघरात जायचं वेड! तिथं काय, सगळे उघडेबोडके, आणि व्याही झाले की एकमेकांची पाठ घासायची. ‘यायचं हं व्याही, तुमची पाठ माझ्याकडे लागली!’ आणि माझ्या पाठीवर मानेपासून ढुंगणापर्यंत हिरवा ड्रॅगन गोंदलेला! लहान पोरालाही कळतं, असला ड्रॅगन गुंडाच्या पाठीवर असतो, बर्फवाल्याच्या नाही. युनसोल म्हणाली, ‘बाबा, एक तर तो राहील नाहीतर माझं लग्न.’

डॉक्टरीण म्हणजे चूबाई, एवढीशी, फुंकलं तर उडेल. समजावते कशी? ‘काका, लेसरच्या उजेडाचा ठोसा बसतो, शाईचा चुरा होतो, तो चुरा तुमचंच शरीर हळूहळू गिळून टाकतं.’ म्हटलं, आयला, ही आमच्याच धंद्यातली दिसते! ‘मग एका दणक्यात संपवा की!’ ‘छे, दहा वेळा यायचं, दर दोन महिन्यांनी. काळी शाई लवकर जाते, हिरवी हट्टी, तिला निराळा किरण लागतो.’ लग्न दोन वर्षं पुढे!

वर विचारते, ‘बधिर करायचं मलम लावू?’ आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. बाहेर बाकावर टोळीतले दोन जुने दोस्त बसलेले. ड्रॅगन गोंदवताना भूल घेतली नाही, आणि पुसताना घेऊ? इज्जतीचा प्रश्न! म्हटलं, ‘मारा!’ मारला. लाथ गेली ती ट्रेवर, ट्रे गेला छताला, माझा हात आपोआप मशीनच्या नरड्यावर! चूबाई शांत. ‘काका, मशीनला सोडा, अजून पंधरा मिनिटं आहेत.’ पंधरा! भिंतीला ठोसा हाणला, भिंतीला काही नाही, माझी दोन बोटं मोडली. घरी आलो तर पाठभर फोड, रक्त, रात्रभर पालथा. सुरी परवडली हो, सुरी!

दहा वेळा! आणि शेवटी आरसा दाखवला. ड्रॅगन गायब. आणि त्या जागी काय? आठ वण! लांबच लांब, पांढरेफटक! अहो, ते झाकायलाच तर तो ड्रॅगन गोंदवला होता मी, साफ डोक्यातून गेलं होतं! चूबाई म्हणते, ‘वणांचं तुम्ही बोललाच नाहीत काका. त्याला वेगळा लेसर, अजून वर्षभर.’ आणि लग्न पुढच्या शनिवारी!

रविवारी गेलो. जातो कुठं? वाफेत बसलो, पाठ फिरवली. नामसाहेब घासायला लागले, खसाखसा... आणि हात थांबला. मी तोंडात उत्तर तयार ठेवलेलं, मुतखड्याचं ऑपरेशन. आठ मुतखडे. वळून बघतो तर माणूस रडतोय!

‘व्याही... तुम्हीसुद्धा? सत्त्याऐंशीच्या कामगारांच्या संपात?’

म्हटलं, ‘होतो.’ खोटं नाही हो ते!

मग त्यांनी आपला खांदा दाखवला. एक बाजू खचलेली, हाड वाकडं जुळलेलं. ‘सासांगचा बुटांचा कारखाना. आम्ही फाटकाशी बसलो होतो, मालकानं भाड्याचे गुंड आणले. एकानं लोखंडी पाइप घातला. अजून हात वर होत नाही.’

सासांगचं फाटक. तुम्हाला सांगतो... आत घुसलेले आम्ही चाळीस जण होतो. मी वीस वर्षांचा, हातात पाइप. किती जणांना हाणला? नऊ? दहा? तोंडं कोण बघतंय? सांगून टाकावं वाटलं. तोंड उघडलंही. पण शनिवारी पोरीचं लग्न. मिटलं.

लग्नात त्यांनी माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, ‘हा माझा साथी, यानं आठ वार खाल्ले, पण कधी बोलून दाखवलं नाही!’ टाळ्या. माझी युनसोल गळ्यात पडून रडली, ‘बाबा, मला का नाही सांगितलंत? मी उगाच तुम्हाला गुंड समजत आले.’

आता दर रविवारी जातो. त्यांची पाठ मी घासतो. खांद्यापाशी आलो की हात हलका पडतो. ते हसतात, ‘घासा की जोरात व्याही, घाबरता काय? आता नाही तिथं दुखत.’

त्यांना नाही हो दुखत.